शुक्रवारची देग आणि तीन भावांचा हिशेब

या पानावर सुताचे भाव, कोऱ्या कापडाची मागणी, उधारीची वसुली अशा विषयांवर लिहिले जाते. आजचा आमचा विषय खिचडीचा आहे. कापडाच्या व्यापाऱ्याने स्वयंपाकघरात जाण्याचे काय कारण, असे वाचकांना वाटेल. कारण आहे, आणि ते धंद्याचेच आहे.

आपल्या समाजात बहुतेक धंदे भावाभावांच्या भागीदारीवर उभे राहतात. ही भागीदारी मोडते तेव्हा माग वाटले जातात, गाळा वाटला जातो, घराच्या मधोमध भिंत उभी राहते. वाटणी कागदावर कशी आणावी, हे वकील आणि सीए सांगतात. वाटणीनंतर भावांनी एका ठिकाणी बसून बोलावे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घरात ते काम एका तांब्याच्या देगेने आणि मसुराच्या खिचडीने केले. त्याची हकिगत धंद्यातल्या बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहीत आहोत.

दोन घरांच्या दोन चवी

आम्ही मालेगावचे. १८५७ नंतर उत्तरेतले अनेक विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे आले आणि मोसम-गिरणेच्या काठी स्थिरावले, हे वाचकांना माहीत आहेच. आमचे बुजुर्ग त्यांतलेच, आझमगडकडचे. अम्मींचे माहेर औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. तिथे त्यांच्या वडिलांच्या घरी हिमरूचे माग होते. सूत आणि रेशीम मिळून हिमरू विणला जातो. आमच्या घरचे माग साडी आणि लुंगीचे होते. दोन्ही घरे मागाचीच, पण दोघांची चूल वेगळी.

दादी तहरी करत. तांदळात बटाटा, वाटाणा, हळद आणि अख्खा गरम मसाला घालून केलेला हा पिवळा भात पूर्वेकडच्या घरांत आजही होतो. अम्मींनी लग्नानंतर आपल्या माहेरची खिचडी आणली. तांदूळ आणि मसुराची डाळ यांची मोकळी खिचडी, तिच्याबरोबर चिंच-तिळाचा खट्टा, भाजलेला पापड आणि जमले तर कीमा. दख्खनच्या मुस्लिम घरांत, हैदराबादपासून मराठवाड्यापर्यंत, न्याहारीला हे जेवण असते. दादींना सुरुवातीला खट्टा पसंत पडला नाही, असे अम्मी सांगत. "भातावर कच्चे वाटण कोण ओतते?" असे त्या म्हणत. पुढे त्याच दादी शुक्रवारी सकाळी खट्ट्याची वाटी पहिल्यांदा आपल्याकडे ओढून घेत.

शुक्रवारीच खिचडी का, याला साधे कारण आहे. त्या दिवशी माग बंद असतात. पूर्वी घरातल्या बायका आठवडाभर चूल सांभाळून कांड्या भरत. सुट्टीचा एक दिवस त्यांनाही हवा. खिचडी एका भांड्यात होते, तासाभरात होते, पोळ्या लाटाव्या लागत नाहीत. मसूर लवकर शिजतो आणि पोटाला आधार देतो. मेहनतीच्या माणसाला डाळ-तांदूळ एकत्र मिळाले की नमाजपर्यंत आणि नमाजनंतरही भूक लागत नाही.

कीमा हाच बाजारभाव

आमचे बालपण १९७० च्या दशकातले. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी आम्ही लहान होतो. रेशनवर लाल मिलो मिळत असे आणि तांदूळ नसला की मिलो भरडून तिच्या कण्यांची खिचडी शिजवली जाई, असे अम्मी सांगत. खट्टा मात्र त्याही दिवसांत होत असे. चिंचेला फारसे पैसे पडत नसत आणि तीळ मूठभर पुरे होत.

पुढे आम्ही उर्दू शाळेत जाऊ लागलो, तेव्हा आम्हा भावंडांना धंद्याची पहिली समज या ताटाने दिली. आठवड्याचा हिशेब गुरुवारी संध्याकाळी होई. शुक्रवारी ताटात कीमा असला तर माल उठला असे समजावे. कीम्यात बटाटे जास्त दिसले तर माल उठला, पण पैसे यायचे आहेत. कीम्यात चण्याची डाळ मिसळलेली असली तर सूत महागले आहे. आणि नुसता खट्टा-पापड आला तर अब्बांना काही विचारू नये. अब्बांनी आम्हाला तेजी-मंदी शब्दांत कधी समजावली नाही. आम्ही ती अशी शिकलो.

एक गोष्ट मात्र मंदीतही बदलत नसे. मागावर काम करणारे दोन-तीन कारागीर, ज्यांची घरे गावाबाहेर होती, ते शुक्रवारी आमच्याबरोबरच दस्तरख्वानवर बसत. ताट सर्वांचे सारखे. कीमा थोडा असला तर सर्वांनाच थोडा.

वाटणी

अब्बा २००९ मध्ये गेले. मागे आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. भाईजान सूत खरेदी आणि माग पाहत, आम्ही कापडाची विक्री, आणि धाकटा भाऊ सायझिंग, वाहतूक आणि वसुलीची धावपळ. चोवीस माग, एक गाळा, एक लहान गोदाम. आठ वर्षे सगळे एका खात्यात चालले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. आठवड्याची मजुरी रोखीने देण्याचा आपला धंदा, त्यामुळे पहिले काही आठवडे कसे गेले हे प्रत्येक मागवाल्याला ठाऊक आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ज्या कापडाला आम्ही कधी असा कर पाहिला नव्हता, त्याची बिले, विवरणपत्रे, परतावे सुरू झाले. धंदा मंद आणि कागद जास्त, अशा काळात घरातली बोलणी वाढतात. आमच्याकडेही वाढली. शेवटी मार्च २०१८ ला, आर्थिक वर्ष संपताना, तिघांनी आपापली नोंदणी वेगळी करून घेतली. प्रत्येकाकडे आठ माग आले. चुली त्याआधीच वेगळ्या झाल्या होत्या.

वाटणी शांतपणे झाली असती, पण एक येणे मधे अडकले. राजस्थानातल्या एका पार्टीकडे जुन्या खात्याचे नऊ लाख रुपये होते. माल गेला होता, बिल झाले होते, पैसे येत नव्हते. पार्टी आम्ही जोडलेली, म्हणून ते बुडाले तर आमच्या हिश्शातून जावेत, असे दोन्ही भावांचे म्हणणे. माल सामाईक खात्यातून गेला, पार्टीच्या मागच्या सहा वर्षांच्या नफ्यात तिघे भागीदार होते, तर तोट्यातही असावेत, असे आमचे म्हणणे. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. बोलणे वाढू नये म्हणून आम्ही बोलणेच थांबवले. एका गल्लीत राहून सलाम-दुआपुरतेच संबंध उरले.

अम्मींची अट

त्या पावसाळ्यात अम्मी अंगणात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण चुलीपाशी बसणे कायमचे बंद झाले. त्या जुन्या घरात, जुन्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत राहत. तिन्ही सुना आळीपाळीने डबा पाठवत आणि कोणी कसूर केली नाही. पण एके दिवशी त्यांनी तिघा मुलांना बोलावून सांगितले, "शुक्रवारची खिचडी मला तिघांबरोबर खायची आहे. आणि ती याच चुलीवर शिजली पाहिजे."

अडचण अशी होती की शिजवणार कोण. मोठ्या भाभींनी केली तर ती मोठ्या घरची खिचडी होते. आमच्या घरातून आली तर आमच्या घरची. वाटणी ताजी असली की मिठाच्या चिमटीचाही हिशेब लागतो. शिवाय बायकांनी आपापले घर आवरून पुन्हा सासूच्या घरी वीस माणसांचे रांधावे आणि आम्ही पुरुषांनी येऊन नुसते बसावे, हेही बरोबर नव्हते. तेव्हा आम्ही म्हटले, आम्ही शिजवतो. भाईजानांनी वर पाहिले. त्या दिवशी पाच महिन्यांनी ते आमच्याशी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले: "तुला तांदूळ कळतो का?"

कापड हाताने ओळखणाऱ्या माणसाला तांदूळ का कळू नये? शिकवायला अम्मी होत्याच. त्या खाटेवर पडून नाकाने आणि कानाने स्वयंपाक करत. "कांदा अजून गोड वास देत नाही, हलव." "पाण्याचा आवाज जाड झाला, आता आच कमी कर." "तीळ तडतडायचे थांबले की उतरव, नाहीतर कडू होतील." आमच्या धंद्यातले जुने कारागीर मागाच्या आवाजावरून धागा तुटल्याचे ओळखतात, ही तीच विद्या आहे.

वीस माणसांचे माप

वाचकांपैकी कोणाला हे करून पाहायचे असेल, म्हणून माप देतो. वीस माणसांना जुना कोलम तांदूळ दीड किलो आणि मसुराची डाळ अर्धा किलो. म्हणजे तीनास एक. तांदूळ जुनाच घ्यावा. नवा तांदूळ चिकट होतो आणि पाणी कमी पितो. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत घालावेत.

पाव किलो तेलात अर्धा किलो कांदा उभा चिरून बदामी होईपर्यंत तळावा. त्यात दहा-बारा लवंगा, दालचिनीचे चार तुकडे, आठ वेलदोडे आणि दोन चमचे शहाजिरे. मग आले-लसणाचे वाटण चार मोठे चमचे, हळद दोन लहान चमचे, दहा हिरव्या मिरच्या, मूठभर पुदिना आणि कोथिंबीर. भिजवलेले डाळ-तांदूळ निथळून त्यात परतावेत. भांड्याने मोजून एक माप धान्याला दोन मापे गरम पाणी. मोठ्या देगेत वाफ कमी उडते, म्हणून एकूण पाण्यातून एक वाटी कमी करावी. मीठ पाण्याची चव घेऊन ठरवावे, पाणी किंचित खारट लागले पाहिजे. पाणी आटून वर भोके दिसू लागली की देगेखाली जाड तवा सरकवून, झाकण घट्ट लावून पंधरा ते वीस मिनिटे दम द्यावा.

झाकणाला आम्ही कोऱ्या कापडाचा तुकडा गुंडाळतो, म्हणजे वाफेचे पाणी भातावर पडत नाही. इथे धंद्यातली एक सूचना. मागावरून उतरलेले कोरे कापड तसेच वापरू नये. त्यात सायझिंगची खळ आणि मागाचा तेलकटपणा असतो. दोन-तीनदा उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून मगच ते स्वयंपाकघरात न्यावे.

खट्ट्याला पाव किलो चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा. पाव किलो तीळ, शंभर ग्रॅम शेंगदाणे, थोडे सुके खोबरे आणि जिरे वेगवेगळे भाजून बारीक वाटावेत. कोळात मिसळून, पाणी घालून पळीवाढे करावे. वरून बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि शेवटी मोहरी, जिरे, लाल मिरची व कढीपत्त्याची फोडणी. खट्टा शिजवायचा नसतो. आणि चिंच डाळीत घालून एकत्र शिजवण्याचा आळस करू नये. आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही.

पहिले काही शुक्रवार आम्ही खट्ट्याचे वाटण मिक्सरमध्ये केले. अम्मींनी खाल्ले, पण पाट्यावर करायला सांगितले. पाट्यावर तिळाचे तेल सुटते आणि वाटण एकजीव होते. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया पूर्वी गल्लीत हाक देत येत. आता त्यांना निरोप पाठवून बोलवावे लागते.

कल्हईवाल्याची रोजी

देगेविषयी दोन शब्द. ती अम्मींना लग्नात मिळाली. तांब्याची, जाड बुडाची, वीस-पंचवीस माणसांच्या अन्नाची. तांबे उष्णता सगळीकडे सारखी पसरवते, म्हणून खिचडी खाली लागत नाही. पण तांब्याला कल्हई हवी. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि तो पोटाला घातक असतो. म्हणून खट्टा आम्ही चिनी मातीच्या बरणीत किंवा स्टीलच्या भांड्यात करतो, आणि देगेला वर्षातून दोनदा कल्हई लावतो.

भट्टीवर भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते पाण्यासारखे पसरवायचे. पाच मिनिटांचे काम दिसते, पण आच जरा जास्त झाली की कथील जळते आणि कमी पडली की धरत नाही. या बोळ्यासाठी आम्ही मागावरचे सुताचे वेस्ट पिशवीभर देतो. आमच्याकडे येणाऱ्या कारागिराची मुले या कामात नाहीत. स्टील आणि अल्युमिनियमने त्यांचे गिऱ्हाईक नेले. ज्यांच्या घरी तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ती खाली काढावीत. भांड्याचे आयुष्य वाढेल आणि एका घराची रोजी चालेल.

हेच दस्तरख्वानलाही लागू आहे. पूर्वी दस्तरख्वान कापडाचा असे, त्यावर छापील वेलबुट्टी आणि शेर असत. आता कार्यक्रमांत प्लास्टिकचा रोल पसरतात आणि जेवण झाले की उष्ट्यासकट गुंडाळून फेकतात. आम्ही कापडवाले असून आमच्याच घरी प्लास्टिक पसरलेले पाहून आम्हाला बरे वाटेना. आम्ही आपल्याच मागाचे जाड सुती कापड पक्क्या रंगात छापून घेतले. हळदीचा डाग साबणाने आधी लाल होतो, त्याला घाबरू नये. धुऊन उन्हात घातले की तो फिका पडतो. पाहुण्यांनी विचारले, म्हणून आम्ही आणखी काही तागे छापले. ते विकले गेले. फार मोठा धंदा नाही, पण ज्यांच्याकडे सुती माल आणि छपाईची ओळख आहे, त्यांनी विचार करावा.

नऊ लाखांचा निकाल

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारच्या बैठकीला आम्ही एक नियम घातला. जेवताना धंद्याचा शब्द काढायचा नाही. ताटे उचलली, हात धुतले, चहा आला की मग ज्याला बोलायचे त्याने बोलावे, आणि अम्मींच्या समोर बोलावे.

पहिले तीन-चार आठवडे कोणीच बोलले नाही. खिचडीत मीठ कमी आहे, पापड जळका आहे, एवढेच. मग धाकट्याने सुताचा भाव विचारला. मग भाईजानांनी एका जॉबवर्कची चौकशी केली. तिघांनाही जाणवले की वेगळे झाल्यावर प्रत्येकाला अपुरे सूत महाग पडते आणि तिघांनी मिळून गाठी उचलल्या तर दलाल भावात नरमतो. पहिला सौदा एकत्र झाला. खाती वेगळी, खरेदी एक.

नऊ लाखांचा विषय अकराव्या शुक्रवारी निघाला. भाईजानांनी स्वतः काढला. ठरले ते असे: धाकटा, ज्याला वसुलीचा हात आहे, त्याने पार्टीकडे जावे. जे येईल ते तिघांचे. जे येणार नाही त्याचे दोन भाग करावेत. पार्टी आम्ही जोडली म्हणून एक भाग आमचा. नफा तिघांनी खाल्ला म्हणून दुसरा भाग दोन भावांमध्ये. धाकट्याने दोन फेऱ्या मारून हप्त्या-हप्त्याने तीन लाख आणले. राहिले सहा. आमच्या अंगावर तीन, त्या दोघांच्या अंगावर दीड-दीड. कागद करून तिघांनी सह्या केल्या.

तीन लाख ही आमच्यासारख्याला लहान रक्कम नाही. पण कोर्टात गेलो असतो तर पार्टीशी आणि एकमेकांशीही भांडलो असतो, आणि वकिलाची फी वेगळी. शिवाय आज सुताची गाठ एकत्र उचलून जो फरक पडतो, तो वेगळा मोजावा लागेल.

टाळेबंदीत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. चोवीसही माग थांबले. उत्तर प्रदेश आणि बिहारचे कारागीर अडकून पडले. मजुरी नाही, गाडी नाही, आणि एप्रिलमध्ये आमच्या शहरात आजाराने जोर धरला. तेव्हा शुक्रवारची देग रोजची झाली. भाईजानांनी तांदूळ दिला, आम्ही मसूर आणि तेल, धाकट्याने गॅस. दस्तरख्वान पसरणे बंद होते, म्हणून डबे भरून दारावर ठेवत असू. रमजानमध्ये हीच खिचडी सहरीला जाई, कारण दिवसभर पोटाला आधार देते. कीमा त्या दोन-अडीच महिन्यांत एकदाही झाला नाही. खट्टा रोज झाला.

गाड्या सुरू झाल्यावर कारागीर गावी गेले. पुन्हा माग चालू करायची वेळ आली तेव्हा कारागीर मिळत नाहीत अशी तक्रार सगळीकडे होती. आमच्याकडचे बहुतेक परत आले. आम्ही हे फायद्यासाठी केले नव्हते, पण झालेला फायदा लपवण्याचेही कारण नाही.

देगेचा हिस्सा

२०२२ च्या हिवाळ्यात अम्मी गेल्या. त्यांच्या वस्तूंची यादी झाली: थोडे दागिने, कपड्यांची पेटी, पाटा-वरवंटा आणि देग. तीन मुलगे, एक मुलगी. मुलाचे दोन आणि मुलीचा एक, म्हणजे एकूण सात हिस्से. दागिन्यांचा हिशेब सोपा होता. देगेचे काय करायचे?

भावांनी म्हटले, देग कोण वाटतो, ती राहू द्या. बहीणही म्हणाली, "मला काही नको, शुक्रवारी खिचडी शिजत राहू द्या." आमचे मत वेगळे पडले. ज्या वस्तूने हिशेब मिटवायला मदत केली, तिचाच हिशेब अर्धवट ठेवणे बरे नाही. बहिणीने माफ करायचे तर आधी हिस्सा तिच्या हातात पडला पाहिजे. हक्क हातात न देता माफी मागणे हा व्यवहार नव्हे. आम्ही देग भांडेवाल्याकडे वजन करून घेतली, मोडीच्या भावाने किंमत धरली आणि सातवा हिस्सा लिफाफ्यात घालून बहिणीला दिला. तिने तो घेतला. पुढच्या वेळी माहेरी आली तेव्हा त्यातूनच नवी कल्हई करून दिली आणि उरलेल्या पैशांचे वेलदोडे-लवंगा आणल्या. देग आता तीन भावांची सामाईक आहे, आणि तसे कागदावर लिहून ठेवले आहे.

आज आमच्या पुढच्या पिढीपुढे आणखी मोठा प्रश्न आहे. साधे माग वजनावर भंगारात जाताना आम्ही पाहिले आहेत. एक पुतण्या पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे, एक मुलगा गाळ्यावर बसतो, मुलगी शिक्षिका आहे. माग राहतील की नाही, हे आमच्या हातात नाही. पण पुण्याचा पुतण्या फोन करून पाण्याचे माप विचारतो, तेव्हा आम्ही त्याला सांगतो आणि शेवटी विचारतो, कोणाबरोबर खाणार आहेस? मागच्या खेपेला त्याने खोलीवरच्या चौघा मित्रांची नावे सांगितली.

बंधूंसाठी चार गोष्टी

एक. वाटणी करायची असेल तर आर्थिक वर्षाच्या शेवटी करा, आणि येणे-बाकीची यादी, बुडीत धरून, त्याच कागदात लिहा. आमचे भांडण याच एका ओळीवरून झाले.

दोन. वाटणीनंतर आठवड्यातून एक जेवण एकत्र ठेवा. ते कोणाच्या एकाच्या घरी नको. आई-वडिलांची चूल असेल तर उत्तम, नसेल तर आळीपाळीने. शिजवण्याचे काम पुरुषांनी अंगावर घ्यावे. बायकांनाही सुट्टी मिळते, आणि जो वाढतो त्याच्याशी फार वेळ अबोला धरता येत नाही.

तीन. जेवताना हिशेब नको, हिशेबाच्या वेळी जेवण नको.

चार. बहिणीचा हिस्सा भांड्यातही असतो. तो आधी द्या.

खिचडीचे माप वर दिले आहे. माणसे वीसपेक्षा कमी असतील तर त्या प्रमाणात कमी करावे. खट्टा मात्र थोडा जास्तच करावा, कारण तो नेहमी मागितला जातो.